विनोद कापू नका, तो कोणाच्या तोंडी आहे ते बघा

पत्र:

'मी चाळिशीची आहे. गेली काही वर्षं एक कादंबरी लिहितेय. एका मोठ्या घरातली लग्नं, ती जुळवणारी माणसं, त्यातले मानपान आणि रुसवेफुगवे असा विषय, आणि सूर विनोदी. जेन ऑस्टिन माझी सगळ्यात लाडकी लेखिका. लग्न आणि समाजाच्या रीतीभाती यांवर तिच्याइतकं तिरकस मी दुसऱ्या कोणाचं वाचलेलं नाही, आणि मला त्याच वाटेने जायचंय. मध्यंतरी घरच्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं. त्यात लग्न न झालेली, अखंड बडबड करणारी एक आत्या आहे. सगळे पोट धरधरून हसले. माझी खरी आत्याही हसली आणि म्हणाली, "हो गं, मी बोलते खरी फार." मग संध्याकाळभर ती गप्पच होती. तेव्हापासून माझ्या हातून एक ओळ उतरलेली नाही. ते प्रकरण काढून टाकू का? की लेखकाने इतकं हळवं होऊ नये? ऑस्टिनसुद्धा निर्दयपणे हसायचीच ना? दुसरं, एका ज्येष्ठ लेखकांनी हस्तलिखित चाळून सांगितलं की हात चांगला आहे, पण लग्नाच्या गोष्टींत अडकू नका, एखादा मोठा विषय घ्या. तिसरं, घरचे म्हणतात, छापायचंच असेल तर टोपणनावाने छाप. मी काय करू?'
– आत्याची भाची

उत्तर:

प्रिय भाची,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात जिवंत वाक्य तुमच्या आत्याचं आहे, आणि ते अजून कादंबरीत आलेलं नाही. त्यामुळे प्रकरण ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न मला घाईचा वाटतो. ते प्रकरण अजून लिहून झालेलंच नाही.

ऑस्टिनचा हवाला तुम्हीच दिलात, तेव्हा आधी तिच्याकडेच जाऊ. तुमच्या घरी त्या संध्याकाळी जे घडलं, ते तिने दोनशे वर्षांपूर्वी 'एमा' या कादंबरीत लिहून ठेवलंय. सरे परगण्यातल्या बॉक्स हिल या टेकडीवर सहल गेलेली आहे. मंडळी कंटाळलीत, कोणाचं कोणाशी धड जमत नाहीय. फ्रँक चर्चिल एक खेळ काढतो. प्रत्येकाने काहीतरी बोलून कादंबरीची नायिका एमा हिची करमणूक करायची. खूप चतुर असं एक, बऱ्यापैकी चतुर अशी दोन, किंवा अगदी रटाळ अशी तीन वाक्यं. मिस बेट्स ही पोक्त वयाची, लग्न न झालेली, तोंडाची टकळी कधीच न थांबणारी बाई. ती खुशीत येऊन म्हणते, चला, माझी काळजी मिटली, मी तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी आपोआपच बाहेर पडतील, हो की नाही? आणि सगळे हसून मान डोलावतील या भरवशाने ती आजूबाजूला बघते.

एमाला राहवत नाही. ती म्हणते, पण बाई, एक अडचण आहे, एका वेळी फक्त तीनच बोलता येतील.

मिस बेट्सला आधी कळतच नाही. मग कळतं. तिला राग येत नाही, चेहरा तेवढा किंचित लाल होतो. एमाच्या घरचे जुने स्नेही मिस्टर नाइटली यांच्याकडे वळून ती म्हणते, आलं माझ्या लक्षात, आता मी गप्प राहायचा प्रयत्न करीन. माझा फारच त्रास होत असणार, नाहीतर जुन्या ओळखीच्या माणसाला ती असं बोलली नसती.

तुमच्या आत्याचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता लिहिणाऱ्याच्या नजरेने याच प्रसंगाकडे बघू. विनोद उत्तम आहे. नेमका आहे, आखूड आहे, वाचणाऱ्यालाही हसू फुटतं, कारण तोवर पानंच्या पानं मिस बेट्सची बडबड ऐकून आपणही वैतागलेलो असतो. ऑस्टिनने तो विनोद कापला नाही. पण स्वतःच्या, म्हणजे निवेदकाच्या, तोंडूनही केला नाही. तिने तो एमाला दिला. निवेदन एवढंच सांगतं की एमाला राहवलं नाही. मग त्या विनोदाची किंमत कोणी मोजली, हे शांतपणे दाखवत जातं. परतीच्या वाटेवर गाडीत एमा रडते, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मिस बेट्सच्या घरी जाते. आपण हसलेलो असतो, त्यामुळे आपणही थोडे त्या गाडीत असतो.

तुमच्या प्रकरणात आत्याला कोण हसतंय? तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की निवेदकच. म्हणजे हसणारीला चेहरा नाही, नाव नाही आणि त्या हसण्याबद्दल तिला कोणी जाब विचारू शकत नाही. अशा लिखाणात वाचक हसतो आणि पान उलटतो. घरात मात्र त्या निवेदकाला चेहरा होता, तो तुमचा होता, म्हणून आत्याला लागलं. माझा पहिला सल्ला हा, आणि पुढचा निम्मा सल्ला त्याच्याच पोटात आहे: आत्यावरचा सगळ्यात झणझणीत विनोद निवेदनातून उचला आणि एखाद्या पात्राच्या तोंडी घाला. पात्र असं निवडा, जे हुशार आहे, वाचकाला आवडतं, आणि ज्याला त्या घरात कोणी काही बोलत नाही. मग आत्याचं ते वाक्य येऊ द्या. त्यानंतर पाचसहा ओळी कोणालाच विनोद करू देऊ नका.

निर्दयपणाचं तुम्ही विचारलंय. हो, ऑस्टिन निर्दय होती, तुम्हाला वाटते त्याहूनही. ऑक्टोबर १७९८मध्ये बहिणीला, कॅसँड्राला, लिहिलेल्या एका पत्रात एका शेजारणीला मेलेलं मूल झाल्याची बातमी आहे. कशाने तरी घाबरल्यामुळे दिवस भरण्याआधीच बाळंत झाली म्हणे; त्यावर बावीस वर्षांची जेन लिहिते की बहुधा तिने चुकून नवऱ्याकडे पाहिलं असावं. आजही हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि हसू येतंच नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. पण ते बहिणीला लिहिलेलं खासगी पत्र होतं. कॅसँड्राने पुढे बरीचशी पत्रं नष्ट केली, आज जेमतेम एकशे साठ उरलीत. जाळलेल्यांत काय होतं याची कल्पना करत बसायला मला आवडतं. ज्या बाईला असे विनोद हातचा मळ होते, तिने चाळिशीच्या उंबरठ्यावर बॉक्स हिल लिहिलं. हळवी झाली म्हणून लिहिलं असं मला वाटत नाही. विनोद कुठे लागतो हे तिला फार चांगलं माहीत होतं, म्हणून लिहिलं.

तो कुठे लागतो, हे मिस्टर नाइटलींच्या बोलण्यात आहे. एमाला खडसावताना ते दयामाया काढत नाहीत, हिशेब काढतात. मिस बेट्स श्रीमंत असती, तर तिच्या निरुपद्रवी वेडेपणावर तू काय बोलतेस याकडे मी लक्षही दिलं नसतं, ती तुझ्या बरोबरीची असती तरी एक वेळ चाललं असतं, असं ते म्हणतात. पण ती गरीब आहे. ज्या सुखवस्तू घरात ती जन्मली, तिथून ती खाली आलीय, आणि म्हातारपणी आणखी खाली जाईल. शिवाय हे तू तिच्या भाचीदेखत बोललीस, आणि तुझं बघून बाकीचेही तिच्याशी तसंच वागतील. मिस बेट्सचे वडील गावचे पाद्री होते. ते गेले आणि मिळकत संपली. एमाच्या नावावर तीस हजार पौंड आहेत. विनोदाची ही दोन टोकं ऑस्टिनने पैशाच्या भाषेत सांगितलेली आहेत.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तुमची आत्या कोणाकडे राहते? तिचं स्वतःचं घर आहे का, पेन्शन आहे का, की भावाच्या घरातली एक खोली? कादंबरीतल्या आत्याचंही हेच विचारते. घरी हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी बोलत नाही. वाचकाला मात्र सांगावंच लागतं. ज्या बाईला उद्याही याच घरात जेवायचंय, ती आपल्यावरच्या विनोदाला हसणारच, तिला दुसरं काय करता येतं? तेव्हा आत्याकडे जाऊन 'हे छापू का?' अशी परवानगी मागायच्या भानगडीत पडू नका. ती हो म्हणेल. त्या होकाराला काही अर्थ नसेल. नुसत्या भेटायला जा, हस्तलिखित घरी ठेवून. तिला बोलू द्या. प्रकरण नव्याने लिहून झालं की मग तिला एकटीला वाचून दाखवा, घरच्या मैफलीत बसवून नको.

आणि बोलू द्या म्हणते ते पात्रालाही लागू आहे. मिस बेट्सची बडबड ही नुसती गंमत नाही. वाचक कंटाळून जी वाक्यं वगळतो, त्यांतच 'एमा'चं रहस्य आहे. फ्रँक चर्चिल तिच्या आईच्या चष्म्याचा निखळलेला खिळा बसवून द्यायला थांबलाय, हे कौतुकाने कोण सांगतं? मिस बेट्स. आपण म्हणतो, काय हे पाल्हाळ! आणि त्याच खोलीत फ्रँकचं गुपचूप ठरलेलं लग्न, म्हणजे मिस बेट्सची भाची, पाठमोरं उभं असतं, पियानोशी चाळा करत. हुशार एमाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, कारण ती मिस बेट्सचं ऐकतच नाही. तुमच्या आत्याच्या बडबडीतही कादंबरीला लागणारी एखादी गोष्ट दडवून ठेवा. कोणतं लग्न कशामुळे मोडलं, कोणाचे दागिने कोणाकडे राहिले. सगळे हसत असताना ती खरं सांगून गेलेली असू दे.

तुमच्या विनोदाला दात हवेतच, फक्त दुसरीकडे वळलेले. ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत, त्यांच्याकडे. याचा सर्वांत चांगला धडा मला 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या दुसऱ्या प्रकरणात मिळतो, आणि तो मी कधीही उघडून वाचू शकते. जॉन डॅशवुडने मरणाऱ्या वडिलांना शब्द दिलाय की सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींकडे बघीन. त्याने मनाशी ठरवलंय, प्रत्येक बहिणीला हजार, म्हणजे एकूण तीन हजार पौंड द्यायचे. त्याला ते परवडणारं आहे, आणि आपल्या औदार्याने त्याचं त्यालाच भरून आलंय. मग बायको बोलू लागते. आपल्या मुलाच्या तोंडचा घास काढून द्यायचा? तीन हजारांचे निम्मे होतात. मग विचार निघतो, त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर पौंड बांधून दिले तर? ती म्हणते, वर्षासन मिळणारी माणसं मरता मरत नाहीत, माझ्या आईला तीन जुन्या नोकरांचं द्यावं लागायचं, त्या कटकटीने ती पिचून गेली होती. बरं, मग अधूनमधून पन्नास पौंड? मग तेही कशाला? वडिलांच्या मनात पैसे द्यायचे असं मुळी नव्हतंच. लहानसं घर शोधून द्यावं, सामान हलवायला मदत करावी, मोसमात मासे आणि शिकार पाठवावी, एवढंच त्यांना अभिप्रेत असणार. चार बायकांना वर्षाला पाचशे पौंडांत असा काय खर्च येणार, गाडी नाही, घोडे नाहीत, माणसांचं येणंजाणं नाही. उलट त्याच तुला काहीतरी देऊ शकतील!

एका संभाषणात तीन हजारांचे मासे होतात. या प्रकरणात निवेदक कोणालाही दुष्ट म्हणत नाही. नवराबायको एकमेकांशी गोड बोलतात, आवाज चढत नाही, प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते. मोठ्या घरातल्या वाटण्या आणि देण्याघेण्याच्या बैठका तुम्ही पाहिल्या असतील. त्यातली एखादी अशी लिहा. फक्त संवाद आणि आकडे. आकडा खाली येत जाईल तसा बोलणाऱ्यांचा सद्भाव वाढत जाऊ दे. वाचक हसेल, आणि हसताना त्याला कोणाचा तरी रागही येईल. घरातली ती मंडळी ओळखली गेली तर मात्र गप्प बसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आता ज्येष्ठ लेखकांचा मोठा विषय.

हा सल्ला ऑस्टिनलाही मिळाला होता, आणि देणारा साधासुधा माणूस नव्हता. प्रिन्स रीजंट, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, तिच्या कादंबऱ्यांचा चाहता होता. त्याचा ग्रंथपाल जेम्स स्टॅनियर क्लार्क याने १८१५च्या नोव्हेंबरात तिला कार्लटन हाउस हे राजपुत्राचं लंडनमधलं निवासस्थान दाखवलं, 'एमा' राजपुत्राला अर्पण करायची सूचनाही तिथूनच आली. मग हे गृहस्थ विषय सुचवायला लागले. आधी एक पाद्री नायक सुचवला, तो बराचसा क्लार्कसारखाच. मग सॅक्स-कोबर्ग राजघराण्यावर ऐतिहासिक रोमान्स. एप्रिल १८१६मध्ये ऑस्टिनने अत्यंत अदबीने कळवलं की असलं पुस्तक माझ्या खेडेगावातल्या संसारचित्रांपेक्षा जास्त खपेल, जास्त लोकप्रिय होईल, यात शंका नाही. पण जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मी ते गंभीरपणे लिहायला बसू शकणार नाही, आणि स्वतःला किंवा दुसऱ्यांना हसायची मुभाच नसेल तर पहिलं प्रकरण संपायच्या आतच मला फासावर चढवावं लागेल. त्याच सुमाराला तिने मिळालेल्या सगळ्या सूचना गोळा करून एका भव्य, हास्यास्पद कादंबरीचा आराखडा लिहिला आणि कोणती सूचना कोणाची, हेही नोंदवून ठेवलं. तुम्हीही ज्येष्ठांचा सल्ला एका वहीत उतरवून ठेवा. कधीतरी एखाद्या पात्राच्या तोंडी शोभेल.

तिला मोठे विषय माहीत नव्हते असं नाही. तिचे दोन भाऊ नौदलात होते आणि तिच्या प्रौढ आयुष्याचा बहुतेक काळ फ्रान्सशी युद्ध चालू होतं. तरीही लेखन करणाऱ्या पुतणीला, ॲनाला, तिने १८१४मध्ये लिहिलं की खेड्यातली तीनचार कुटुंबं, लिहायला नेमकं तेवढंच हवं. आणि त्या तीनचार कुटुंबांत काय नाही? तिच्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईचा पैसा कायद्याने नवऱ्याचा होई. ते बदलायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. १८५७पर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटात खास विधेयक आणावं लागे, म्हणजे तो अतिश्रीमंतांचाच खेळ. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या बेनेट घराला वर्षाला दोन हजार पौंडांचं उत्पन्न आहे, पण इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार, आणि मुली पाच. बाप मेला की त्या घरातून बाहेर, आणि आईनंतर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे हजार पौंड. मिसेस बेनेटला आपण हसतो, हसावं अशीच ती आहे, पण त्या घरात हा हिशेब डोक्यात ठेवून वागणारी तीच एक आहे. विद्वान, विनोदी मिस्टर बेनेटनी काही शिल्लक टाकलेली नाही. लेखिकेने कोणाला किती हसायचं हे इथेही तोलून ठेवलंय.

त्याच कादंबरीतली शार्लट लूकस सत्तावीस वर्षांची आहे. एलिझाबेथने नाकारलेल्या मिस्टर कॉलिन्सशी ती दोनतीन दिवसांत लग्न ठरवते आणि सांगते, मला फक्त सुखाचं घर हवंय. पुढे एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते तेव्हा तिला नवल वाटतं, दर्शनी बाजूची मोठी, हवेशीर खोली सोडून ही रोजच्या बसण्याउठण्याला मागची खोली का वापरते? मग कोडं सुटतं. मिस्टर कॉलिन्सची अभ्यासिका रस्त्याच्या बाजूला आहे. बायकोची खोली तितकीच छान असती तर ते दिवसभर तिथेच येऊन बसले असते. शार्लट त्यांना बागकामाचंही मनापासून उत्तेजन देते, व्यायाम किती चांगला! एक अख्खं लग्न त्या मागच्या खोलीत बसवलंय. कोणी रडत नाही, कोणी भाषण करत नाही. ज्येष्ठांना सांगा, हा विषय अजून पुरतोय.

ऑस्टिनने हे बाहेरून पाहून लिहिलेलं नाही. डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. १८०५मध्ये वडील गेले, आणि आई व दोन्ही बहिणी भावांच्या मदतीवर जगू लागल्या. १८०९मध्ये एडवर्ड या श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेलेल्या भावाने चॉटनचं घर राहायला दिलं, तेव्हा कुठे बस्तान बसलं. म्हणजे मिस बेट्सच्या खुर्चीपासून ती स्वतः फार लांब बसलेली नव्हती. लग्न न झालेल्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते, आणि लग्नाच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे, असं तिने मरणाच्या वर्षी दुसऱ्या पुतणीला, फॅनीला, लिहिलं. हा विनोद ती स्वतःवर करत होती. तुमच्या कादंबरीत तुम्ही स्वतःला कुठे हसलाय का? पत्रावरून कळलं नाही.

माणसं ओळखली जातील ही भीती आहेच. ऑस्टिनच्या पुतण्याने तिच्या आठवणी लिहिल्या, त्यात तिचं मत दिलंय. लोकांच्या लकबी आणि खोडी टिपणं तिला रास्त वाटे. अख्खं माणूस उचलून ठेवणं हा तिला सभ्यतेवरचा हल्ला वाटे. शिवाय, माझ्या पुरुष पात्रांचा मला इतका अभिमान आहे की ते म्हणजे नुसते कोणी अमुक साहेब किंवा तमुक कर्नल आहेत हे मी कबूल करणार नाही, असंही ती म्हणे. तुमच्यापुरतं याचा अर्थ इतकाच: आत्याची बडबड घ्या, पण नाव, घर, आजार, मोडलेलं लग्न, गालावरचा तीळ, हे सगळं दुसऱ्या कोणाचं किंवा कोणाचंच नसलेलं असू दे. मग ती पुस्तकातली बाई होईल.

टोपणनावाबद्दल माझं फारसं ठाम मत नाही. घ्यायचं तर घ्या, पण ते घरच्यांपासून लपेल या आशेवर घेऊ नका, कारण घरचीच मंडळी पहिल्यांदा सांगत सुटतात. १८११मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' लेखिकेच्या नावाशिवाय निघाली, 'एका स्त्रीकडून' एवढंच छापलेलं. १८१३च्या जानेवारीत 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची पहिली प्रत हातात आली त्याच संध्याकाळी ऑस्टिन मायलेकींनी ती मिस बेन या शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवली, आणि लेखिका याच खोलीत आहे याचा त्या बिचारीला पत्ता नव्हता. (पुढच्या वाचनात आईने भराभर उरकून मजा घालवली अशी तक्रारही पत्रात आहे. घरगुती वाचनं तेव्हापासूनच अशी.) पण त्याच वर्षी हेन्री या भावाने, कोणी पुस्तकाची स्तुती केली की अभिमानाने बहिणीचं नाव सांगायला सुरुवात केली. सप्टेंबरात तिने दुसऱ्या भावाला लिहिलं की गुपित आता गुपित राहिलेलं नाही, तेव्हा यापुढे मी त्यातून रहस्याऐवजी पैसा जास्तीत जास्त काढायचं बघणार आहे.

ते तिला सहज जमलं असं नाही, आणि हे तुम्ही नीट वाचा, कारण याबद्दल तुम्ही मला विचारलंच नाहीय. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' तिने तोट्याचा धोका पत्करून, हक्क स्वतःकडे ठेवून काढली. आवृत्ती संपली आणि १४० पौंड हाती आले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने एजर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांत विकून टाकले. तिला दीडशे हवे होते. पुस्तक त्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत गेलं, त्यातला एक पैसाही तिला मिळाला नाही. त्याआधी १८०३मध्ये एक हस्तलिखित दहा पौंडांना क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाने घेतलं होतं आणि छापलंच नाही. सहा वर्षांनी तिने विचारणा केली तर उत्तर आलं, दिले तेवढे पैसे परत करा आणि घेऊन जा. १८१६मध्ये तेवढेच पैसे भरून ते परत घेतलं गेलं. 'नॉर्थँगर ॲबी' म्हणून ते बाहेर आलं, तेव्हा ती जाऊन काही महिने झाले होते.

तेव्हा करार समोर आला की सगळ्यात आधी दोन कलमं शोधा: हक्क एकरकमी जाताहेत की प्रत्येक आवृत्तीमागे मानधन आहे, आणि ठरलेल्या मुदतीत पुस्तक छापलं नाही तर हस्तलिखित आणि हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतात की नाही. दुसरं कलम नसेल तर घालून मागा. प्रकाशक म्हणतील, आपल्यात कशाला हवं हे. तरी मागा. आणि करार एखाद्या जाणकाराकडून वाचून घेईपर्यंत सही करू नका.